उजव्या बाजूची रेघ

जुन्या कॉपियरला म्हातारपणी एक खोड लागली:
प्रत्येक पानावर उजवीकडे,
काठापासून तीन बोटं आत, एक राखाडी रेघ.
जन्मदाखल्यावर रेघ, घटस्फोटावर रेघ,
इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालेल्या बायकांच्या
पासपोर्टातल्या गालांवर रेघ.
कुताइसीत लोक कागद उजेडाकडे धरून सांगू लागले,
हा माकवालाबाईंच्या नोटरीतला.

बाई म्हणाल्या, नवं घे आता. तूच निवड.
तुझा चष्मा नवा आहे.

मग रेवाझ आला, चकचकीत बुटांचा,
मिनिटाला पंचेचाळीस पानं घेऊन.
छापतं, स्कॅन करतं, फॅक्स करतं, मेल धाडतं,
पान उलटून पाठही छापतं, वर स्टेपल मारून देतं.
बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात,
याची तर मातीसुद्धा रंगीत होती.
मी विचारलं, टोनर केवढ्याला?
तेव्हा कुठे त्यानं पहिल्यांदा
कॉफीचा घोट घेतला.

रात्री वहीत हिशेब मांडला.
महिन्याला एकोणीसशे पानं आमची.
त्याच्या वेगानं बेचाळीस मिनिटांचं काम.
उरलेला महिना हे यंत्र काय करणार,
खिडकीतून रिओनी नदी बघणार?

आमच्याकडे माणूस येतो तो एका पानासाठी.
टोपी हातात घेऊन उभा राहतो,
बस बाहेर थांबलेली असते.
म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुकानात विचारलं,
झोपेतून उठून पहिलं पान किती सेकंदांत?
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

पिशवीत दोन गोष्टी नेल्या होत्या.
एक आमचं घरनोंदीचं जाड बाड, उशीएवढं.
दुसरा एक पिवळा पडलेला, आठ घड्यांचा कोरा कागद,
सेवेरियानच्या कागदाच्या वयाचा.
सेवेरियानचा खरा कागद मी यंत्राच्या तोंडी दिला नसता;
त्यावर त्याच्या बापाचं नाव आहे
आणि बापाचा दुसरा काही पुरावा नाही.

पंचेचाळीसवाल्यानं कोरा कागद गिळला,
आत काहीतरी चावल्याचा आवाज आला,
आणि चुणीदार पंखा बाहेर आला.
रेवाझ म्हणाला, कागदच जुना आहे.
मी म्हटलं, आमचे सगळेच.

कोपऱ्यात एक करडं होतं, पंचवीस पानांचं,
त्याच्यावर कुणी छत्री वाळत घातली होती.
त्याच्या काचेवर बाड ठेवलं.
झाकण बिजागरीसकट वर सरकलं
आणि बाडावर आडवं, सपाट बसलं.
कणा मोडला नाही. कडेनं उजेड आत शिरला नाही.
हे, मी म्हटलं.
रेवाझचा चेहरा पंचवीस पानांचा झाला.

जुनं न्यायला गोचा आला.
पाठीचे स्क्रू काढता काढता म्हणाला,
आत हार्डडिस्क आहे, पुसायची ना?
अकरा वर्षं मी त्याच्याशेजारी बसले,
त्याच्या उबेवर हिवाळ्यात हात शेकले,
आणि त्याला सगळं आठवतंय हे मला माहीत नव्हतं.
सगळ्या बायकांचे गाल. सगळ्या वाटण्या.
एका मुलाचं मृत्युपत्र, जे त्यानं नंतर फाडलं होतं.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग शिक्का मारताना लावतात त्या आवाजात म्हणाल्या, पूस.
चाळीसेक मिनिटं लागली.
आम्ही तिघं उभेच होतो.

करड्यावर पहिला आला सेवेरियान.
सातव्या सेकंदाला प्रत हातात पडली, स्वच्छ,
बापाच्या नावातलं एकेक अक्षर सुटं.
त्यानं ती खिडकीशी नेली, उजेडाकडे धरली,
उजवीकडे बोट फिरवत राहिला.

रेघ नाही, म्हणाला.
मग हे खरं आहे हे त्यांना कळणार कसं?

बाईंनी शिक्का तोंडाजवळ नेऊन हाऽऽ केलं
आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच दाबला.